मदर लुवेनियांचा प्रश्न

निवडणुकीआधीच्या रविवारी अलाबामातल्या कृष्णवर्णीयांच्या एका चर्चमध्ये आमदार मतं मागायला उभे राहिले. पुढच्या बाकावरून म्हाताऱ्या लुवेनियांनी, ज्यांना थोरपणाच्या मानाने सारं चर्च ‘मदर’ म्हणे, विचारलं, “गावातलं बाळंतपणाचं इस्पितळ चालू ठेवणार का?” त्यांची नात आठव्या महिन्यात होती आणि दुसरं इस्पितळ पन्नास मैलांवर. आमदार म्हणाले, “माझीही आजी याच मातीतली!” एरवी ओळीओळीला ‘आमेन’ म्हणणारी मंडळी गप्प राहिली. “प्रभू, याला सावर!” मदर मोठ्याने म्हणाल्या. अडखळणाऱ्या पाळकासाठी राखलेला तो टोमणा आमदारांना आशीर्वाद वाटला आणि ते विकासावर घसरले. मग मदर काठी टेकत उठल्या. तोच प्रश्न त्यांनी प्रवचनाच्या चालीत आळवला. ऑर्गनवाल्याने सूर धरला. सारं चर्च टाळ्यांवर गाऊ लागलं, “हो की नाही?” आमदारांनी घड्याळ पाहिलं. “बस, लेकरा,” मदर म्हणाल्या, “आमची उपासना तीन वाजेपर्यंत चालते. कडवी पुष्कळ आहेत.”