बेकारीचा धडा

प्राध्यापक वर्गात आले आणि सवयीने मी ताडकन उभी राहिले. एकटीच! बाकीची मुलं खुर्च्यांत पसरलेली. शेजारच्या मुलीला वाटलं मला बाहेर जायचंय. तिने पाय आखडून घेतले. "काही विचारायचंय?" प्राध्यापक म्हणाले. मी मान हलवून खाली बसले.

घरी मुलगा हसला. "आई, ही अमेरिका आहे. इथे सरांसाठी कोणी उभं राहत नाही गं." कम्युनिटी कॉलेजातला हा अर्थशास्त्राचा वर्ग त्यानेच लावून दिला होता. हे गेल्यावर मला इकडे आणलं खरं, पण दिवसभर माझ्याशी बोलणार कोण? वर्गात तरी कोण बोलतंय म्हणा!

पुढच्या तासाला मी खुर्ची घट्ट धरून बसून राहिले. प्राध्यापक दारात घुटमळले, माझ्याकडे पाहिलं, आणि फळ्याकडे वळले. धडा बेकारीचा होता.

"काम नाही, पण जो शोधतोय, तो बेकार," ते सांगत होते. "ज्याने शोधणंच सोडलं, त्याला बेकारांत मोजत नाहीत."

कोणी मोबाइलमधून मान वर केली नाही. ते मागच्या भिंतीकडे बघत शिकवत राहिले.

त्यानंतरच्या तासाला ते दिसले तशी मी उठले. गुडघा कटकन वाजला. मुलं बघायला लागली. बघू देत.

प्राध्यापक उंबऱ्यातच थांबले. त्यांनी कोटाचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला, आणि मगच आत आले.