लांबलेला दिवस

"बाबा, तुमचं ते गांजाचं झाड ओढलं की नेमकं काय होतं हो?" मैत्रिणींची पैज होती, म्हणून फेनाने जेवता जेवता तोफ डागलीच.

"लेवार्डन गावातल्या साऱ्या पोरींनी पढवून पाठवलंय वाटतं!" आईचा काटा बटाट्यातच थांबला.

बाबा मात्र हसले नाहीत. "माहीत नाही गं. आजारपणातलं दुखणं थांबावं, पण झोप येऊ नये, आपल्याशी बोलत बसता यावं, एवढंच तुझ्या योरिसदादाला हवं होतं. म्हणून मी दोन जातींचा संकर केला. फुलं यायच्या आधीच तो गेला."

"अहो बाबा, पण दादाला जाऊन दोन वर्षं झाली! अजून फुललं नाही?"

"रात्र लांबली तरच फुलतं ते. आणि एकदा फुललं की संपतं."

दादाच्या खोलीत त्या झाडावरचा दिवा अंधार पडल्यावरही का जळत राहतो, ते फेनाला आत्ता कळलं. ताट सरकवून ती उठली.

"आई, बाबा, आजपासून सूर्य मावळला की तो दिवा मी बंद करणार. दादाने ज्या फुलांची वाट पाहिली, त्यांचा वास मला त्याच्या खोलीत बसून घ्यायचाय."