हाताला चव

आपलं रेस्तराँ कुणाच्या हाती सोपवावं हे ठरवायला म्हातारे शेफ ल्युसियाँ बायकोला घेऊन फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतभर जेवत फिरत होते. बावीस ठिकाणी त्यांनी दोन घासांतच काटा खाली ठेवला.

"आपल्या सोलेनला विचार की," ओदील दर वेळी म्हणायची.

"तुझ्या लेकीच्या हाताला चव नाही. ती सोळा वर्षांची होती तेव्हाच सांगितलंय तिला."

तेविसावं ठिकाण ओदीलने निवडलं. एका खेड्यातली दहा टेबलांची जागा. लाल वाइनमध्ये शिजवलेली अंडी आली. या वेळी ल्युसियाँनी काटा खाली ठेवलाच नाही. शेवटी त्यांनी पावाच्या तुकड्याने बशी कोरडी पुसून घेतली आणि खिशातून रेस्तराँच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या.

"कुणी केलंय हे? त्या पोराला बाहेर बोलवा."

एप्रनला हात पुसत सोलेन बाहेर आली. "मी केलंय, पपा."

ल्युसियाँनी तिच्याकडे पाहिलं, रिकाम्या बशीकडे पाहिलं आणि किल्ल्या परत खिशात टाकल्या.

"ओदील," ते म्हणाले, "उद्या डॉक्टरांची वेळ घे. माझ्या तोंडाची चव गेलीय."