पोकोची चाल

सिबदू झोपडीतून बाहेर आली ती पोकोचं निळं लुगडं गुंडाळून, पोकोसारखीच उजव्या पायावर कलत. पोकोच्या दिवसकार्यात कुरिता होण्याचा, म्हणजे गेलेल्या माणसाचं सोंग घेण्याचा मान धाकटी जाऊ म्हणून तिचा. सूर्य मावळेपर्यंत ती पोको. तिला सिबदू म्हणून कुणी हाक मारायची नाही.

ती थेट पोकोच्या नवऱ्यापुढे, नोबिलापुढे जाऊन उभी राहिली. मी पावसाळ्यात गेले काय नि सुगी होईस्तोवर नवऱ्याच्या सदऱ्याला एक बटण उरलं नाही, म्हणाली. बाया हसल्या. नोबिलाने उघड्या छातीवर हात ठेवला आणि मान खाली घातली.

भिंतीच्या सावलीत यांबा बसला होता. त्याच्या पहिल्या चित्रपटात पडद्यावरची माणसं आपल्या मोसी बोलीत बोलली, तेव्हा गावोगावची म्हातारी माणसं उठून त्यांना उत्तरं देऊ लागली होती. नव्या चित्रपटात त्याने शहरातली नटी घेतली नाही, पोकोला घेतलं. सगळं झालं होतं. फक्त शेवट राहिला होता. म्हातारी घागर घेऊन विहिरीच्या वाटेने निघून जाते, पाठमोरी. त्याआधीच पोको तापाने गेली.

पाठमोरीच तर आहे, कुणालाही चालवा, असं राजधानीतल्या पैसेवाल्यांनी सांगितलं होतं. यांबा म्हणाला, गावाला कळेल. तेव्हापासून चित्रपट तसाच पडून होता.

आता सिबदूची चाल पाहून रास्माने नावाचा त्याचा कॅमेरावाला त्याच्या कानाशी लागला. कॅमेरा गाडीत होता. यांबाने नाही म्हणून मान हलवली. आपण दुखवट्याला आलोय, म्हणाला.

तेवढ्यात कुरिता त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"आणि तू रे? माझं काम अर्धं ठेवून इथे दारू ढोसत बसलायस? कुठाय तो तुझा काळा डबा?"

हसणं थांबलं. यांबाने हातातला दारूचा भोपळा खाली ठेवला आणि नोबिलाकडे पाहिलं.

"तिला कधी कुणी अडवलंय?" नोबिला म्हणाला.

यांबा उठला. "आणतो, काकी."

शियाच्या झाडाखाली कॅमेरा लागला. कसं चालायचं ते यांबाने सांगितलं नाही. पोकोलाही तो कधी सांगत नसे. विहीर कुठल्या बाजूला, एवढंच सांगे.

ती डोक्यावर घागर घेऊन निघाली. ज्वारीच्या खुंटांमधून, उजवीकडे कलत. वळणावर तिने डाव्या हाताने घागर सावरली, आणि बायांमधलं कुणीतरी हुंदकलं. निळं लुगडं लहान होत होत विहिरीच्या कठड्याआड गेलं.

कॅमेरा थांबला. रास्मानेचा चेहरा उजळला होता. माणसं टाळ्या वाजवू लागली. यांबा त्यांच्याकडे गेला नाही. तो नोबिलाजवळ येऊन उकिडवा बसला.

"काका, बरोबर आलं?"

नोबिला वाटेकडेच पाहत होता. ती परत येताना दिसू लागली होती. तोंड दिसायला लागलं तशी त्याने नजर वळवली.

"नाही आलं," तो म्हणाला. "अजून एकदा जाऊ दे तिला."

रास्माने सांगू लागला की उत्तम आलंय आणि रीळही संपलंय. यांबाने त्याला नवं रीळ भरायला सांगितलं.