पाळण्याची आतली बाजू

मास्तरांनी येणाऱ्या बाळासाठी घरीच पाळणा बनवला. पॉलिशपेपर घासून हात दुखले, पण मन काही भरेना.

“आत एकही कुसळ ठेवू नका हं,” दिवस भरलेल्या बायकोने पलीकडच्या खोलीतून बजावलं.

“डोळ्यांना काय, सगळंच गुळगुळीत दिसतं. खरं काय ते हातालाच कळतं!” असं म्हणत मास्तर डोळे मिटून रिकाम्या पाळण्यात तळवा फिरवू लागले.

मधोमध फळी उबदार लागली. त्यांनी बोटाने चाचपलं, तर एका इवल्याशा मुठीने ते बोट धरलं.

डोळे उघडायची त्यांची छाती होईना.

“अहो, इकडे या ना,” बायकोचा आवाज कापत होता. “बाळ पोटात हलायचंच थांबलंय.”

मास्तर धडपडत उठायला गेले.

मूठ बोट सोडेना.