धानाएवढी वाफ

तुमसरच्या मधुकररावांनी पोट उतरवायला घरीच सॉना बांधला. राईस मिल स्वतःचीच, घराला लागून. म्हणून बॉयलरची वाफ थेट खोलीत घेतली. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान वाफवणारा हेमराज वाफेच्या कॉकपाशी उभा राहिला.

“किती वाफ देऊ, मालक?”

“धानाले लागते तेवढी. अन् बाहेरून कडी लाव, मी ओरडलो तरी दार उघडू नोको. माहं मन कच्चं हाये.”

थोड्याच वेळात दार आतून धडधडू लागलं. मधुकररावांच्या पत्नी आनंदाबाई तांदूळ निवडायचं सूप घेऊनच बाहेर आल्या.

“का म्हणून राहिले रे मालक?”

“उघड म्हणतात, बाई. मघाशी म्हणत होते उघडू नोको. कोणतं आयकू?”

सुजलेला ओठ पदरानं टिपत आनंदाबाई दाराला पाठ लावून बसल्या.

“पहिलं सांगतलं तेच आयक. एक गोष्ट दोनदा सांगा लागली, का त्यायचा हात उठते.”