पंधरा आकडे

"हा तर अजून नव्यासारखाच आहे," भाऊ म्हणाला. आईच्या कपाटातून काढलेलं खोकं त्याने टेबलावर ठेवलं होतं. आतला मोबाइल हातात घेऊन त्याने उलटासुलटा करून पाहिला. "थोडी बॅटरीही आहे अजून."

"आई दर रविवारी चार्ज करायची आणि बंद करून ठेवायची," बहीण म्हणाली. ती आईच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. आईला जाऊन तीन आठवडे झाले होते. "तू 'झालं' म्हणून कळवशील तेव्हा तयार असावा म्हणून."

भावाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मोबाइल त्यानेच पाठवला होता, आईला नातीचा चेहरा रोज बघता यावा म्हणून. पण तो त्याच्या सिमच्या कंपनीला बांधलेला होता, आणि त्या कंपनीची रेंज या गावात नव्हती. दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं की पडद्यावर कुलपाचं चित्र यायचं. ते कुलूप काढण्याचा अर्ज ज्याच्या नावावर फोन, त्यानेच करायचा. बहीण दोनदा दुकानात जाऊन एवढंच ऐकून आली होती. चौदा महिने आईने त्या फोनवर रविवारच्या रविवारी फक्त घड्याळ पाहिलं.

"पडून राहण्यापेक्षा आमच्या छोटीला होईल," भाऊ म्हणाला. त्याने लॅपटॉप उघडला. "तिला दुसऱ्या कंपनीचं सिम हवंय. अनलॉक करून टाकतो."

"आत्ता?"

"पाच मिनिटांचं काम आहे, ताई."

बहिणीच्या हातातली घडी मोडली. तिने ती पुन्हा घातली नाही.

"पाच मिनिटांचं," ती म्हणाली. "मग चौदा महिने घोडं कुठे पेंड खात होतं?"

"कामं असतात गं. राहून गेलं. आई तरी कुठे काही बोलली?"

"तुला नाही बोलली. मला सांगायची, बिचाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत नाही."

भाऊ पडद्याकडे बघत राहिला. अर्जाचं पान उघडलं होतं. नाव, पत्ता, जन्मतारीख. त्याने भराभर भरलं.

"खोक्याच्या खाली पंधरा आकडी नंबर असेल. वाच जरा."

बहिणीने खोकं उचलून उलटं केलं. नंबराची पट्टी आकड्यांच्या खाली मळून काळी झाली होती. एकेक आकडा बोट ठेवून वाचल्याची ती खूण होती. तिने खोकं मांडीवर घेतलं आणि पट्टीवर तळहात ठेवला.

"वाच ना."

"तुझ्याकडे असेल की. सात वेळा सांगितलाय तिने तुला."

"तेव्हा कुठेतरी लिहिला होता."

"कुठे?"

"ताई, आता वाद नको. दे इकडे."

"नाही देणार."

"लहान मुलासारखं काय चाललंय तुझं?"

बहिणीने हात हलवला नाही.

"तीन, पाच, आठ."

आवाज आतल्या खोलीतून आला. बाबा सकाळपासून तिथे भिंतीकडे तोंड करून पडले होते.

आवाज बाबांचा होता, चाल आईची होती. भाजी चिरताना, दिवे बंद करत फिरताना आई ते आकडे पाढ्यासारखे घोकायची. लँडलाइनवर मुलाचा फोन आला की चष्मा शोधण्यात त्याचा वेळ जायला नको. तीन आकडे सांगायचे आणि थांबायचं. पलीकडून "हं" आलं की पुढचे तीन.

"हं," भाऊ म्हणाला. त्याने आकडे दाबले.

"शून्य, नऊ, एक."

"हं."

"सात, सात, दोन."

भावाचं बोट वरच्या वर राहिलं. त्याचं "हं" आलं नाही. बहीण त्याच्याकडे बघत होती. तिने नजर हटवली नाही आणि त्याच्या वतीने "हं"ही म्हटलं नाही.

आत बाबा थांबले होते. थोड्या वेळाने, लाइन खराब असावी तसे, ते जरा मोठ्याने म्हणाले, "सात, सात, दोन."